दुसऱ्या व्हायोलिनची खुर्ची

गोव्यात व्हायोलिन शिकणाऱ्या मुलाची पाश्चात्य संगीताच्या परीक्षांतली आठवी ग्रेड झाली की घरात प्रश्न सुरू होतो, पुढे काय? ऑर्केस्ट्रा, चर्चचा कॉयर, हॉटेलातला बँड, शिकवण्या ही उत्तरं सगळ्यांना ठाऊक असतात. स्ट्रिंग क्वार्टेट हे उत्तर फारसं कुणी देत नाही. दोन व्हायोलिन, एक व्हियोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुराचं), एक चेलो. कंडक्टर नाही आणि प्रत्येक ओळीवर एकच माणूस. ज्यांना हे काम पोटापाण्यासाठी, वर्षानुवर्षं करायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. पहिली गोष्ट आधीच सांगून टाकतो: पहिल्या व्हायोलिनच्या खुर्चीकडे बघण्याआधी दुसऱ्या खुर्चीवर बसायला शिका. क्वार्टेटमध्ये टिकण्यासाठी जे जे लागतं ते सगळं तिथे शिकायला मिळतं, आणि जागा रिकामी होते तीही बऱ्याचदा तीच.

पाया आपल्याकडे आहे. पोर्तुगीज काळापासून चर्चच्या पॅरिश शाळांत सोल्फेज (लिहिलेले स्वर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवलं जायचं, त्यामुळे कागद समोर ठेवला की लगेच वाजवणारी माणसं इथे पिढ्यानपिढ्या तयार झाली. मुंबईच्या सिनेसंगीताचे वाद्यवृंद अशा गोवेकरांवर उभे राहिले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. पण तिथली सवय ताफ्यात वाजवण्याची. दहा-बारा जण एकच ओळ वाजवत असले की एखाद्याचा स्वर किंचित सरकला तरी बाकीचे सांभाळून घेतात, किंबहुना त्या बारीक फरकांमुळेच तो नाद भरदार होतो. क्वार्टेटमध्ये ही सोय नाही. मुंबईत १९३५ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करणारे मेहली मेहता पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये वाजवायला बसले, म्हणजे इकडच्या माणसासाठी ही वाट अगदीच अनोळखी नाही.

दुसरं व्हायोलिन नेमकं करतं काय? तीन कामं. पहिलं, पहिल्या व्हायोलिनच्या एक सप्तक खाली तीच ओळ धरणं. अशा वेळी खालचा स्वर जास्त भरून वाजवायचा आणि वरच्याने त्याच्या पोटात बसायचं. बहुतेक नवीन क्वार्टेट नेमकं उलटं करतात. वरचा जोर लावतो, खालचा नम्रपणे मागे राहतो आणि दोघंही बेसूर वाटतात. दुसरं काम म्हणजे आतली लय. व्हियोलाबरोबर सोळाव्या भागांचे स्वर (एका मात्रेत चार) किंवा ऑफबीट (मात्रांच्या मधले ठोके) चालवत राहणं. वरची ओळ ताल थोडा ताणते-सैल करते, खाली चेलो एका बाजूला ओढतो, आणि मधल्या दोघांनी घड्याळासारखं न राहता पण घड्याळ न सोडता चालायचं. तिसरं काम सगळ्यांत नाजूक आहे, ते म्हणजे कॉर्डमधला (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीतला) गंधार. तो बऱ्याच वेळा दुसऱ्या व्हायोलिनच्या वाट्याला येतो, आणि कॉर्ड सुरेल की बेसूर हे तोच ठरवतो.

संगीतकार हायडनच्या ओपस ७६ (ओपस म्हणजे रचनांचा क्रमांक) मधल्या तिसऱ्या क्वार्टेटचा संथ भाग घ्या. मुख्य धून आधी पहिलं व्हायोलिन वाजवतं, मग चार व्हेरिएशन्स, म्हणजे त्याच धुनेची बदललेली रूपं. त्यांपैकी पहिल्यात व्हियोला आणि चेलो पूर्ण गप्प असतात. धून दुसऱ्या व्हायोलिनकडे आणि पहिलं तिच्याभोवती सोळाव्या भागांची वेलबुट्टी काढतं. दोनच वाद्यं, लपायला जागा नाही. इथे चुकतं ते असं: आयुष्यभर साथ करणाऱ्याला एकदम गाणं मिळतं, तो ते छाती भरून वाजवू लागतो, ओळीच्या शेवटी रेंगाळतो, आणि पहिल्याला आपली वेलबुट्टी मध्येच लांबवावी लागते. मग पहिला पुढे ढकलतो, दुसरा ओढतो, आणि चार मापांत (माप म्हणजे तालाचा एक खण) दोघंही वैतागतात. उपाय साधा पण चिकाटीचा. दुसऱ्याने धून बोच्या (गजाच्या) मधल्या भागात, अर्ध्या-अर्ध्या मापाच्या हिशेबाने वाजवायची, आणि आधी पहिल्याने जितक्या आवाजात मांडली होती तितक्याच आवाजात. पहिल्याने बोचा वरचा अर्धा भाग वापरायचा, एका स्वराला जेमतेम चार-पाच सेंटिमीटर. व्हायब्रॅटो (बोट हलवून स्वराला दिलेला कंप) दोघांनी आधी पूर्ण काढून टाकायचा. सूर आणि वेग जुळले की आधी धून वाजवणाऱ्याने तो परत आणायचा. एवढा छोटा भाग नीट व्हायला दोन सकाळी सहज जातात. कुणाबरोबर क्वार्टेट करावं की नाही हे ठरवायला याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही.

आता सुराकडे येतो, कारण इथे मराठी घरातल्या मुलाला एक मोठा फायदा आहे. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार ज्याच्या कानात लहानपणापासून आहे, त्याला क्वार्टेटचा निम्मा प्रश्न आधीच सुटलेला असतो. तो गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो (सेंट म्हणजे पियानोवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). कॉर्डमध्ये तोच हवा. पण व्हायोलिनच्या तारा पंचमाच्या अंतराने लावलेल्या असतात. चेलोच्या सी तारेपासून सी, जी, डी, ए, ई असे चार शुद्ध पंचम चढत गेलात तर व्हायोलिनची मोकळी ई तार त्या सीच्या स्वयंभू गंधारापेक्षा जवळजवळ २२ सेंट वर निघते. २२ सेंट म्हणजे साध्या कानालाही खुपणारा फरक. चारही जण आपापली वाद्यं अगदी शुद्ध लावून बसतात, सी मेजरची पहिलीच कॉर्ड वाजते आणि ती आंबट लागते. दोष कुणाचाच नसतो, हिशेबाचा असतो.

म्हणून क्वार्टेटमध्ये पंचम किंचित आवळून लावतात. ए स्वर एकानेच द्यायचा, शक्यतो चेलोने. बाकीच्यांनी एकेकाने तो घ्यायचा. चौघांनी एकदम नाही. मग डी आणि जी खाली जाताना प्रत्येक पंचम दोन-तीन सेंट अरुंद ठेवायचा, म्हणजे जी आणि सी किंचित चढ्या राहतात. शेवटी चेलोची सी, व्हियोलाची सी आणि व्हायोलिनची ई एकत्र वाजवून बघायची. अजून टोचत असेल तर ती मोकळी ई वाजवायचीच नाही, चौथ्या बोटाने ए तारेवर घ्यायची. दुसऱ्या व्हायोलिनच्या पार्टवर (त्या वाद्यापुरत्या स्वरलिपीच्या कागदावर) अशा जागांना पेन्सिलीने बाण काढून ठेवतात: खाली बाण म्हणजे कॉर्डमधला गंधार, वर बाण म्हणजे षड्जाकडे चढणारा निषाद. एकच एफ शार्प डी मेजरच्या कॉर्डमध्ये खाली लागतो आणि जीकडे जाताना वर लागतो. ट्यूनरच्या सुईकडे बघून हे जमत नाही, कारण सुईला कॉर्ड कळत नाही.

रोजची तालीम तीन तासांची धरा, सुरुवातीच्या वर्षांत आठवड्यातून पाच दिवस. पहिली पंधरा-वीस मिनिटं वाद्यं लावणं आणि चौघांनी मिळून संथ स्केल. एकाने षड्ज धरायचा आणि बाकीच्यांनी त्यावर चढत जायचं. नंतर एखादं बाखचं कोरॅल (चार आवाजांत बांधलेलं चर्चचं स्तोत्र), बिनव्हायब्रॅटो. मग मुख्य रचना, आणि ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवत बसायची नाही. अवघड पानं दोन-दोन जणांत फोडायची: आधी पहिलं व्हायोलिन आणि चेलो म्हणजे बाहेरची चौकट, मग दुसरं व्हायोलिन आणि व्हियोला म्हणजे आतलं यंत्र. आतल्या दोघांचं एकट्याने ऐकायला सुरेल लागेपर्यंत बाहेरच्या दोघांना जोडू नये. सुरुवातीची खूण श्वासाने द्यायची, आणि तो श्वास येणाऱ्या लयीतल्या बरोबर एका मात्रेचा हवा. घाईने घेतलेल्या श्वासानंतर सगळे घाईनेच सुरू करतात.

मतभेद रोज होतात. यावर एकच नियम मला उपयोगी वाटतो: कुणीही काहीही सुचवलं तरी ते आधी दोनदा मनापासून वाजवून बघायचं, मग बोलायचं. पहिल्यांदा वाजवताना सगळे नवीन गोष्टीशी झगडत असतात, दुसऱ्यांदा ती ऐकू येते. बोलून वाया गेलेला वेळ मोजायचा असेल तर तालीम रेकॉर्ड करा. तीन तासांत वाजवणं दीड तासापेक्षा कमी निघालं तर काहीतरी बिघडलंय.

गोव्यात याला पावसाळ्याची जोड असते, आणि त्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं. जून ते सप्टेंबर आर्द्रता सहज ८५-९० टक्क्यांवर जाते. व्हायोलिनला ४० ते ६० टक्के मानवते. लाकूड फुगतं, वरची पाटी किंचित उचलली जाते, घोडी तिच्याबरोबर वर येते आणि तारा बोटांना उंच लागू लागतात. फिंगरबोर्डच्या टोकाशी जी तार साधारण साडेपाच मिलिमीटर आणि ई तार साडेतीन मिलिमीटर उंचीवर असावी. जुलैमध्ये हे मोजा, फरक दिसेल. खुंट्या घट्ट बसतात. बोचे केस लांबतात आणि स्क्रू शेवटपर्यंत फिरवूनही सैलच राहतात. म्हणून मे महिन्यात केस बदलून घेताना ते किंचित आखूड बसवायला सांगायचं. डब्यात बंद ठेवलेल्या बोचे केस किडे कुरतडतात, तेव्हा वापरात नसलेला डबाही आठवड्यातून एकदा उघडून उजेडात ठेवावा.

सगळ्यांत जास्त होणारा बिघाड म्हणजे पाटी आणि कडेची पट्टी यांचा सांधा सुटणं. व्हायोलिन सरसाने जोडलेलं असतं, आणि सरस ओलाव्याने मऊ होतो. बोटाच्या पेराने कडेकडेने टकटक करत फिरा. जिथे आवाज पोकळ किंवा फुटका येईल तिथे सांधा उघडलाय. तार वाजवताना कुठूनतरी बारीक झिर्रर येत असेल तरी आधी हेच तपासायचं. तो सांधा पुन्हा सरसानेच जोडून घ्यायचा. सुताराकडचा पांढरा डिंक कधीच लावू नका: सरस मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो, म्हणजे ताण आला की सांधा सुटतो आणि लाकूड वाचतं. पांढऱ्या डिंकाने सांधा धरून राहतो आणि पाटी फाटते. दहा बाय बाराच्या खोलीला दिवसाला १०-१२ लिटर पाणी ओढणारा डीह्युमिडिफायर पुरतो. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, त्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वापरायच्या. एसीच्या खोलीतून थेट बाहेरच्या दमट हवेत डबा उघडू नये, पंधरा-वीस मिनिटं बंदच राहू द्यावा. आणि डिसेंबरात युरोपला गेलात तर सगळं उलटं होतं. हीटरच्या कोरड्या हवेत खुंट्या घसरतात, लाकूड आकसतं, तडे जातात. तिथे डब्यात ओलावा द्यावा लागतो.

कामाचं वेळापत्रक मात्र पावसाळ्यामुळेच बसतं. गोव्यातले कार्यक्रम आणि लग्नं ऑक्टोबर ते मार्च-एप्रिलमध्ये. जून ते सप्टेंबर नवीन रचना बसवायच्या. सुरुवातीच्या क्वार्टेटने एका मोसमासाठी नऊ रचना तयार ठेवाव्यात, म्हणजे तीन-तीन रचनांचे तीन कार्यक्रम होतात. हायडन, मोझार्ट, बेथोव्हनच्या ओपस १८ पैकी एक, द्वोर्झाकचं ओपस ९६, शोस्ताकोविचच्या पंधरांपैकी आठवं, अशी सुरुवात व्हायला हरकत नाही. बार्टोकची सहा आणि बेथोव्हनची शेवटची क्वार्टेट्स दोन वर्षं एकत्र काढल्याशिवाय लोकांसमोर आणू नयेत असं माझं ठाम मत आहे.

समुद्रकिनाऱ्यावरच्या लग्नांना नाक मुरडणारे वादक असतात. मला ते पटत नाही, कारण पहिली काही वर्षं क्वार्टेट त्यावरच तग धरतं आणि तिथली शिस्त हॉलमध्येही कामी येते. आयोजकाला लेखी कळवायचं: बिनहाताच्या चार खुर्च्या, दहा बाय दहा फुटांचा प्लायवूडचा चौथरा (वाळूत चेलोची पिन रुतते), पूर्ण सावली, ४५ मिनिटांचे दोन भाग आणि मध्ये २० मिनिटं विश्रांती. चांगलं वाद्य घरी ठेवायचं. कार्बन फायबरचा बो आणि दुसऱ्या दर्जाचं व्हायोलिन न्यायचं. उन्हात व्हार्निश मऊ होतं आणि डब्याच्या अस्तराची नक्षी त्यावर उमटते. सनस्क्रीन लावलेला हात व्हायोलिनच्या खांद्याला लागू देऊ नका. टॅब्लेट उन्हात तापून बंद पडतो, म्हणून कागदी पार्ट आणि प्रत्येक स्टँडला चार पारदर्शक क्लिपा हव्यातच. स्टँडवरचे माइक वाऱ्यात नुसते घोंघावतात. वाद्यालाच लावायचे छोटे क्लिपचे माइक घ्या. नवरी उशिरा येते, नेहमीच. त्यासाठी प्रत्येक धुनेत आठ मापांचा एक तुकडा आधी ठरवून ठेवायचा, जो कितीही वेळा फिरवता येतो. थांबायची खूण दुसऱ्या व्हायोलिनने द्यायची, कारण पहिला कडेला बसून आडवा बघत असतो आणि मांडणीत आत बसलेल्यालाच समोरची वाट दिसते.

पैशाचा हिशेब घरच्यांसमोर असा मांडा. समजा एका कार्यक्रमाचे १,००,००० रुपये मिळाले. एजंट १५ टक्के घेणार, राहिले ८५,०००. प्रवास विमानाचा असेल तर चार माणसांची पाच तिकिटं, कारण चेलोला स्वतःची सीट लागते. एका तिकिटाचे ७,००० धरले तर ३५,००० गेले. राहणं-खाणं १०,०००. उरले ४०,०००, त्यातले ४,००० क्वार्टेटच्या सामायिक खात्यात. प्रत्येकाच्या हाती ९,०००. या कार्यक्रमासाठी ३० तास तालीम केली असेल तर तासाला ३०० रुपये पडले. आता तोच कार्यक्रम पणजी, मुंबई, पुणे, बंगळूर असा आठ ठिकाणी झाला तर तालमीचे तास फार तर पन्नास होतात आणि हाती ७२,००० येतात. आपल्याकडे नाटकवाल्यांना हे गणित पाठ असतं: एक नाटक बसवायचं आणि त्याचे प्रयोग लावायचे. क्वार्टेटनेही तसंच करायचं. प्रत्येक ठिकाणी नवा कार्यक्रम द्यायची हौस क्वार्टेटला दोन वर्षांत मोडून काढते. तरीही घरभाडं बहुधा शिकवण्यांतूनच निघतं. परदेशातही क्वार्टेटचा भक्कम आधार हाच असतो, एखाद्या विद्यापीठात किंवा संगीतशाळेत निवासी क्वार्टेट म्हणून नेमणूक.

वाट साधारण अशी. आठवी ग्रेड आणि डिप्लोमापर्यंत इथे होतं, कला अकादमीत पाश्चात्य संगीताचा विभाग आहे. पुढचं शिक्षण बहुतेकांना बाहेरच घ्यावं लागतं, आणि तिथे निवडताना ऑर्केस्ट्राचं नाव बघण्याऐवजी कॉलेजात चेंबर म्युझिकचे तास आठवड्याला किती आहेत ते विचारावं. कॅनडातल्या बान्फसारख्या मोठ्या क्वार्टेट स्पर्धांना ३५ च्या आत वय लागतं, तेव्हा २३-२४ पर्यंत चौघं एकत्र आलेली बरी. रिकाम्या जागेसाठी निवड म्हणजे क्वार्टेटमधल्या उरलेल्या तिघांबरोबर एक-दोन दिवसांची तालीम असते. हायडनचा संथ भाग वाजवून घेतात, मग मध्येच म्हणतात, हे जरा हलकं करून बघ. तुम्ही किती चांगलं वाजवता ते पहिल्या पाच मिनिटांत कळलेलं असतं. त्यापुढे ते बघतात की सांगितल्यावर तुमचा बो लगेच बदलतो की तोंड सुरू होतं. मग तीन ते सहा महिने परीक्षेचे.

शरीराबद्दल थोडक्यात. ५० मिनिटं वाजवणं, १० मिनिटं वाद्य खाली. डावा कान स्वतःच्याच व्हायोलिनपासून काही सेंटिमीटरवर असतो, म्हणून एकट्याने सराव करताना तरी डाव्या कानात वादकांसाठीचा ९ किंवा १५ डेसिबलचा प्लग घाला. करंगळीत मुंग्या येऊ लागल्या तर मलम चोळत बसू नका; शोल्डररेस्टची उंची बदला आणि डॉक्टरला दाखवा.

क्वार्टेट किती टिकतं? ग्वार्नेरी क्वार्टेट १९६४ ते २००९ चाललं. आमाडेउस १९४७ पासून त्याच चौघांनी चालवलं आणि १९८७ मध्ये व्हियोलावादक गेल्यावर तिघांनी थांबवलं. बोरोदिन क्वार्टेटची माणसं बदलत गेली, पण १९४५ साली स्थापन झालेलं ते क्वार्टेट चालू राहिलं. एमर्सनमध्ये दोन्ही व्हायोलिनवाले खुर्च्या आलटून-पालटून घ्यायचे. या सगळ्या पद्धती चालतात, फक्त कुठली ते पहिल्याच वर्षी कागदावर यायला हवं: नाव कुणाचं, सामायिक खात्याचं काय, सोडायचं असेल तर किती महिने आधी सांगायचं (सहापेक्षा कमी नको, कार्यक्रम वर्षभर आधी ठरलेले असतात), मोठे निर्णय बहुमताने की एकमताने. आणखी एक कलम बहुतेक जण विसरतात. पार्ट क्वार्टेटच्या मालकीचे. जाणाऱ्याने ते परत द्यायचे आणि त्यावरच्या पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या नाहीत. बोटांचे आकडे, बोच्या दिशा, गंधारावरचे ते खाली जाणारे बाण, सगळं तसंच राहू द्यायचं. नवीन माणूस दुसऱ्या खुर्चीवर येऊन बसतो तेव्हा पहिल्या तालमीच्या आदल्या रात्री तो तेच वाचत असतो.